तेरावं जहाज

मालसुनने तांदळाच्या डेऱ्यात कोपरापर्यंत हात घातला आणि सुनेचं नागरिकत्वाच्या परीक्षेचं पुस्तक बाहेर काढलं... तीन दिवस तिनेच ते तिथे दडवून ठेवलं होतं! सून लोआन घरभर शोधत होती, लेकीचं दप्तरही तिने दोनदा उलथंपालथं केलं होतं, पण सासूवर तिने चुकूनही संशय घेतला नव्हता. त्याचीच मालसुनला जास्त शरम वाटत होती.

कांदापातीच्या शेतात शेजारीण पिलनम तिच्या कानाला लागली होती, की या व्हिएतनामच्या पोरी कोरियाच्या नागरिकत्वाचा कागद हातात पडला की चालू पडतात, आणि तुझ्या मुलाला तर समुद्राने नेलं, आता तिला धरून ठेवणार कोण? त्याच संध्याकाळी मालसुनने पुस्तक डेऱ्यात घातलं होतं. सून गेली की नातही जाणार... मग घरात उरणार ती एकटी, आणि समोर तोच मेला समुद्र!

पण जी पोर नवरा गेल्यावरही तीन वर्षं या म्हातारीचे गुडघे चोळत राहिली, तिचीच वाट अडवायची? छे! तिने पुस्तकावरचे दाणे झटकले आणि ते सुनेपुढे ठेवलं.

"मीच लपवलं होतं," ती म्हणाली. "जायचं तर जा, पण पास होऊन जा. मोठ्याने वाच. मला अक्षर येत नाही, ऐकता तर येतं."

लोआनने डोळे पुसले. मग तिने पान उघडलं.

त्या दिवसापासून समुद्रातलं खायचं शेवाळ वाळत घालता घालता दोघींची शाळा भरू लागली. राष्ट्रपतीची मुदत किती, कायदे करतं कोण, यात म्हातारीला काडीचा रस नव्हता. पण त्यांच्या जिंदो बेटाच्या खाडीत चारशे वर्षांपूर्वी जपान्यांशी झालेल्या लढाईचा धडा आला आणि ती सरसावून बसली. सेनापती यी सुन-शिन यांची जहाजं तेरा, असं पुस्तकात होतं. मालसुनचं म्हणणं, सेनापतींनी राजाला पत्र लिहिलं तेव्हा बाराच होती, तेरावं मागाहून आलं, आणि तिच्या आजीच्या सांगण्याप्रमाणे ते याच गावाने डागडुजी करून दिलं. खरंखोटं देव जाणे, पण ती अशी सांगायची जणू खिळे तिनेच ठोकले होते.

तोंडी परीक्षेच्या दिवशी ती कचेरीतल्या बाकावर, अर्धवट उघड्या दारापाशी, जीव मुठीत धरून बसली होती. साहेबांनी नेमकं जहाजं किती होती, तेच विचारलं!

"बारा होती, साहेब," आतून लोआनचा आवाज आला, "आणि एक मागाहून आलं. पण लढाईत तेराच मोजतात."

मालसुनची वाकलेली पाठ आपोआप ताठ झाली. ही माझी सून, असं साऱ्या कचेरीला ओरडून सांगावंसं तिला वाटलं... आणि त्याच क्षणी मनात आलं, आता ही जाणार.

लोआन पास झाली. पुढे कित्येक दिवस मालसुन तिच्या बॅगेकडे चोरून बघायची. बॅग काही भरली जात नव्हती. मग एके सकाळी लोआनने कोर्टाचा कागद तिच्या हातात ठेवला. म्हातारीला जगात तीनच अक्षरं वाचता येत, होंग, माल आणि सुन, शेवाळाच्या लिलावाच्या चिठ्ठीवर सही करण्यापुरती. त्यातलं पहिलं, लग्नानंतरही न बदललेल्या तिच्या माहेरच्या आडनावाचं, त्या कागदावर होतं! नवऱ्याचं आडनाव लेकाने लावलं, नातीने लावलं. होंग मात्र त्या घरात एकट्या तिच्याबरोबर संपणार होतं.

"हे तर माझं..." तिने त्या अक्षरावर बोट ठेवलं.

"मला इथलं नवं नाव घ्यायचं होतं, आई. तुमचं आडनाव घेतलं. मी मागाहून आले... पण मोजताना मला धरा."

मालसुनने तिला पोटाशी घेतलं, आणि लेकाच्या मरणानंतर पहिल्यांदाच ती पोटभर रडली. मग तिने तोंड धुतलं, सणाचा झगा अंगावर चढवला, आणि कागद छातीशी धरून तडक पिलनमचं दार ठोठावलं.

"चष्मा लाव," ती म्हणाली, "आणि मोठ्याने वाच."