घर उभं आहे

तलासरीजवळच्या पाड्यातलं आमचं घर मीच बांधलं. मी लडक्या, गवंडी आहे. भिंत कधी धरते, कधी सोडते, मला कळतं. दोन हजार अठराच्या थंडीत भूकंपाचे धक्के सुरू झाले आणि मागची भिंत वरपासून खालपर्यंत तडकली. मी घराला कुलूप लावलं. सरकारकडून मिळालेला तंबू अंगणात ठोकून आम्ही चौघं त्यात राहू लागलो: मी, बायको शांती, लेक धाकली आणि माझी म्हातारी आई, बुधीबाई.

एका दुपारी बंद घरात ताटल्या वाजल्या. मला वाटलं, उंदीर. कुलूप काढून पाहिलं. आत कोणी नव्हतं, पण जमीन नुकती सारवलेली, ओली होती.

"तू सारवलंस?" मी शांतीला विचारलं.

"मी आत पाय तरी ठेवते का?"

मग रोजच काही ना काही ऐकू येऊ लागलं. कधी पाट्यावर वाटण चाललेलं. कधी भाकरी थापल्याचा आवाज, मागोमाग तिचा वास. एकदा धाकली भिंतीला कान लावून उभी होती.

"बाबा, आत मी हसतेय."

मी तिला ओढून आणलं. रिकाम्या घरात आवाज घुमतात, असं शांतीला सांगितलं.

पुढे वाऱ्याने तंबू फाटला. दंव आत पडायचं. आई दोन गोधड्यांत कुडकुडायची. डॉक्टर म्हणाले, छाती भरलीय, उघड्यावर ठेवू नका. पत्र्याच्या शेडसाठी मी कचेरीत खेपा घातल्या. तिथले साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. त्यांनी चहा मागवला.

"निधीच आला नाही, लडक्या. आला तरी आधी बेघरांना. तुझं घर उभं आहे ना?"

"त्यात झोपायची भीती वाटते, साहेब."

"पण उभं आहे."

संध्याकाळी परतलो तर तंबू आडवा झाला होता. आईचे ओठ निळे पडले होते. भिंत पडायची तर पडो, म्हणत मी तिला पाठीवर घेतलं आणि घराचं कुलूप काढलं.

दार हललं नाही. आतून कडी होती.

"कोण?" आतून कोणीतरी विचारलं.

आवाज माझा होता.

आई पाठीवरून म्हणाली, "मी रे. थंडी वाजते."

आत कुजबुज झाली. कडी निघाली. दार हातभर उघडलं. चूल पेटलेली दिसली. ऊब तोंडावर आली. आई माझ्या पाठीवरून उतरली आणि कोणाचा आधार न घेता आत गेली.

दार लागलं.

मी खांदा मारला तसं ते सहज उघडलं. आत अंधार. चूल थंडगार. आई नव्हती.

पाड्याने ओढा, विहिरी, रान सगळं धुंडाळलं. पोलीसही येऊन गेले. आई सापडली नाही.

शेड अजून आलेली नाही. आता धाकलीला ताप येतो. आज सकाळी शांतीने तिचं तोंड धुतलं, तेल लावून वेणी घातली, जत्रेला घेतलेला फ्रॉक बाहेर काढला.

"कुठे निघालात?" मी विचारलं.

शांतीने वर पाहिलं नाही.

"आत आणखी एकाची जागा आहे म्हणतात," ती म्हणाली, आणि फ्रॉकची बटणं लावू लागली.