बोटं उघडणारा स्नायू

नारायणगावच्या एका दवाखान्यात मी नसांची आणि स्नायूंची तपासणी करते. मेंदूचा हुकूम नसेतून स्नायूत उतरला की तिथं बारीकशी वीज उठते. सुई ती टिपते, पडद्यावर रेघ उसळते, स्पीकरवर तडतड ऐकू येते. स्वस्थ पडलेला स्नायू मुका असतो.

पिंपळवंडीचा सयाजी आला तो उजवी मूठ मिटत नाही म्हणून. सोबत सासू, सारजाबाई. तिच्या कडेवर त्याची आईविना पोर, श्रेया. माझ्या चार वर्षांच्या लेकीएवढीच, आजीचा पदर मुठीत गच्च धरून बसलेली. तिची आई वैजयंती शेततळ्याच्या प्लॅस्टिकवरून घसरून बुडाली होती.

"हात बरा झाला की पोरीला नेणार म्हणत्यात पावणं," सारजाबाई मला म्हणाली. "नवी बायको यायचीय न्हवं, तिला कामाला पोर लागंल."

"माझी पोर हाय ती," सयाजी गुरकावला.

मी नसेला बाहेरून झटका दिला. बोटं चटकन मिटली. म्हणजे नस शाबूत, स्नायू शाबूत. मग मूठ मिटवणाऱ्या स्नायूत सुई घातली.

"आवळा मूठ."

स्पीकर मुका.

"आवळतोय की, ताई! लई जोर लावतोय."

सुई काढून हाताच्या मागच्या बाजूला, बोटं उघडणाऱ्या स्नायूत घातली. "पुन्हा आवळा."

पत्र्यावर गारा पडाव्यात तसा स्पीकर कडाडला.

"थांबा. हात सैल सोडा."

त्यानं सोडला. आवाज थांबला नाही. बोटं फाकत गेली, पार मागं वळेपर्यंत.

सारजाबाई उठून उभी राहिली. "तळ्यावर तिला हात दिला व्हता म्हणता ना?"

"दिला व्हता. निसटली ती."

"निसटली, का सोडली?"

सयाजीनं डाव्या हातानं श्रेयाचा दंड धरला. "पोर इकडं द्या."

स्पीकर गप्प झाला.

उजवा हात उठला आणि त्याच्याच डाव्या मनगटावर मिटला. श्रेयाचा दंड सुटला.

"ताई, सोडवा! मी न्हाई धरलं!"

मी एकेक बोट उकलायला गेले. गार पडलेली. एकही हललं नाही.

"ऱ्हाऊ द्या," सारजाबाई दारातून म्हणाली. नातीचं डोकं तिनं खांद्यावर टेकवलं होतं. "आत्ता कुठं धरायला मिळालंय माझ्या वैजयंतीला."

ती निघून गेली.

मी सुई पुन्हा मूठ मिटवणाऱ्या स्नायूत घातली.

पडद्यावर रेघ सरळ.

दूध पिऊन झोपलेल्या बाळाच्या हातासारखा तो स्नायू सैल होता. आणि बोटं मनगटात रुतत चालली होती.