शर्वरीची किटली

मालन चौगुलेनं किटली उलटीपालटी करून पाहिली आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. किटली नवीकोरी चकाकत होती. ओरखडा नाही, पोचा नाही आणि नावही नाही!

पूर निम्मा ओसरला होता. वाघोशीच्या शाळेत मदत केंद्र उघडलं होतं आणि गाळातली भांडी तिथल्या ‘निरेख’ यंत्राकडं जात होती. यंत्र प्रकाशझोतानं ॲल्युमिनियमवरच्या ओरखड्यांची खोली मोजायचं, आधी खरखरीत पट्टा फिरवायचं, मग आडव्या दिशेनं मऊ, आणि शेवटी कापडी चाकानं भांड्याचा आरसा करायचं. ओरखड्यांत रोगजंतू दडतात, म्हणून हा सगळा खटाटोप. कुणा शहाण्यानं यंत्राला ओरखडा म्हणजे काय ते शिकवलं, पण गावाकडं भांड्यावर ठिपके ठोकून नाव घालतात हे सांगायचं राहून गेलं. यंत्रानं नावंही घासून टाकली.

गावात डेअरीला दूध न्यायच्या किटल्या सगळ्यांच्या एकसारख्या. मालनची सून शर्वरी पाणी चढलं त्या सकाळी किटली घेऊन गेली, ती परतलीच नव्हती. आज शोध थांबवायचा हुकूम निघणार होता. भांडं उचलतानाच त्याच्या तळाला एक चकती चिकटवलेली असायची. मोबाइल लावला की भांडं कुठं सापडलं ते ती बोलून सांगायची. पण शर्वरीची किटली कुठली, हे आता कोण सांगणार?

“साहेब, माझ्या सुनेचं नाव कुटं गेलं?”

केंद्रप्रमुख देशमाने हसले. “मावशी, फुकटात नवं करून दिलंय. यातली कुठलीही एक उचला.”

“कुठलीबी? उद्या कुठलीबी सून घिऊन जावा म्हणशीला! लाज वाटंना व्हय तुमास्नी?”

“हे बघा, नियमाप्रमाणे...”

“चुलीत घाला तुमचा नियम!” मालननं यंत्राची वायर उपटली आणि पदरात गुंडाळून तिथंच फतकल मारली.

यंत्र चालवणारी हर्षाली बुरांडे पुढं आली. ती ओशाळली होती. “आजी, नाव ठोकताना ठिपक्याखालचा धातू दाबला जातो. वरचा थर घासला तरी आतला धातू दाबलेलाच राहतो. क्षाराचं पाणी लावलं तर तेवढा भाग वेगळा झिजतो. नाव परत दिसू शकेल.”

“शकंल म्हंजे?”

“फार खोल घासलं नसेल तर.”

“मग हुबी का? लाव की!”

“अहो, चकाकी जाईल,” देशमाने म्हणाले. कुणी त्यांच्याकडं बघितलंही नाही.

हर्षालीनं एकेका किटलीवर बोळा फिरवला. पहिलीवर नुसतेच काळे डाग पडले. दुसरीवर अंधूक ‘अनुसया’ दिसलं आणि रांगेतली एक बाई रडत पुढं धावली. मालन देवाला आणि देशमान्यांना आळीपाळीनं शिव्या घालत बसली होती. तेवढ्यात एका किटलीच्या पोटावर ठिपके उमटले, ‘सौ. शर्वरी’. लग्नात मालननंच ते घालून घेतलं होतं.

हर्षालीनं तळाला मोबाइल लावला. चकती बोलली, “पाणवठ्यामागची चिंच. वरची फांदी. दोरीनं बांधलेली. काल दुपारी उचलली.”

“बांधलेली!” मालन ताडकन उठली. “पुराचं पाणी गाठ मारतंय व्हय रं? माझी पोर जित्ती हाय! होडी काढा!”

देशमाने फोन लावू लागले. हर्षाली मात्र मोबाइलवरची नोंद पुन्हा बघत होती. “साहेब, तिथं अजून पाणी आहे, आपलं माणूस पोचलेलंच नाही. किटली ड्रोननं उचललीय.”

“मग त्येला माणूस न्हाई दिसलं?”

“भांडी गोळा करणारा ड्रोन आहे तो, आजी. तो फक्त धातू शोधतो, अडकलेला असला तर सोडवतो. माणूस त्याला शिकवलेलाच नाही.”

मालननं तिचा दंड गच्च धरला. “मग काल त्यानं किटली सोडवली तवा माझी पोर त्याच फांदीवर बसून त्येला हात करत असंल, तर?”