दुसऱ्या टोकाला

बाबांनी मला खाली पाठवलं ते फक्त लांब स्क्रूची पुडी आणायला. त्यात सांगण्यासारखं काय, असं तुम्ही म्हणाल. पण सगळं सुरू झालं ते त्या जिन्यावर, म्हणून तिथूनच सांगते.

आम्ही बापलेक एका नव्या घरात भिंतीभर कपाट बांधत होतो. बाबा सुतार, आणि कॉलेज सुटलं की मी त्यांच्या हाताखाली. उंच फळी उभी करताना दोघं दोन बाजूंना असतो, मधल्या फळीमुळे एकमेकांचं तोंडही दिसत नाही. म्हणून आमची एक रीत आहे. बाबा विचारतात, "धरलंस का गं?" मी म्हणायचं, "धरलं, बाबा." एवढं कानावर पडेपर्यंत ते हात सोडत नाहीत, खांदे भरून आले तरी.

दुपार कलली होती. घरात वीज अजून आलेली नव्हती. रंगाऱ्यांनी खिडक्यांना कागद चिकटवले होते, त्यामुळे आत सगळा मळकट अंधार आणि सरसाचा कोंदट वास. मी पुडी घेऊन वर निघाले, तर जिन्याच्या वळणावर माझ्या वर्गातली एक मैत्रीण उभी. आमच्या वर्गातली सगळ्यात टापटीप मुलगी, आणि मी ही अशी.

"अय्या, तू इथे कशी?"

मी केसांतला भुसा पटकन झटकला, पुडी मुठीत दाबली. "अगं, ओळखीच्यांकडे आले होते."

"मग चल की, आमचं नवं घर बघ. सुतार लागलाय कामाला, पसारा आहे जरा. पण चालेल ना?"

तेव्हाच खरं बोलून मोकळी झाले असते, तर काय बिघडलं असतं? पण माझी जीभच उचलली नाही. पाहुणीसारखी चपला बाहेर काढून मी तिच्यामागून आत गेले. ज्या खोल्या मघाशी मीच झाडल्या होत्या, त्या ती मला हौसेनं दाखवत होती आणि मी "वा, छान" म्हणत होते.

आतल्या खोलीतून बाबांचा आवाज आला.

"धरलंस का गं?"

पावलं ऐकून मी परत आले असं त्यांना वाटलं असणार. ती जड फळी ते एकटेच तोलून उभे होते. मी ओरडायला हवं होतं, "थांबा, बाबा, आले!" पण मैत्रीण शेजारी होती. मी गप्प राहिले. त्या गप्प राहण्याची लाज मला अजून वाटते.

आणि आतून उत्तर आलं.

"धरलं, बाबा..."

आवाज माझा होता. सर्दीमुळे माझा घसा बसला होता, तो घोगरेपणासुद्धा जसाच्या तसा.

"त्यांची मुलगी येते म्हणे मदतीला," मैत्रीण हळूच म्हणाली आणि तिनं दार ढकललं.

बाबा पाठमोरे होते, हाताशी उरलेले स्क्रू पिळत होते. फळीच्या पलीकडच्या कडेवर चार बोटं दिसत होती. घट्ट धरलेली. एका बोटाला चिकटपट्टी. सकाळी पटाशी लागून माझं बोट कापलं होतं, त्याच बोटाला. मी हात ओढणीत लपवला. माझी पट्टी माझ्याच बोटावर होती.

"काका, झालं का?"

बाबा वळले. त्यांनी मला पाहिलं, मैत्रिणीच्या हातात गुंतलेला माझा हात पाहिला. आता ते दचकतील, मग पलीकडे कोण म्हणून बघतील, असं मला वाटलं. ते किंचित हसले.

"या ना, ताई. जरा जपून, खिळे पडलेत."

ताई. मला! माझी लाज झाकायला माझा बाप मला गिऱ्हाईक म्हणून वागवत होता. धरणीनं पोटात घेतलं असतं तर बरं, असं झालं.

फळीमागे कुणीतरी हसलं. अगदी माझ्यासारखं, नाकातून...

काहीतरी सबब सांगून मी खाली पळाले आणि फाटकाजवळ उभी राहिले. अंधारू लागल्यावर बाबा आले. आमची हत्यारांची पेटी लांबलचक, दोन टोकांना दोन कड्या. ती एकट्याच्यानं उचलवत नाही. बाबांच्या हातात एकच कडी होती. दुसरं टोक हवेत होतं, जराही न कलता.

"हात बसला हो तुझा," ते त्या बाजूला बघून म्हणत होते. "उद्या दारं तूच लाव."

हे ऐकायला मी किती झुरले होते!

मी धावले. रस्त्यावर माणसं होती, गॅलरीत मैत्रीण उभी होती. बघू दे, म्हटलं. "बाबा! मी धरलं, बाबा!" मी जीव तोडून ओरडले आणि दुसऱ्या टोकाची कडी पकडली. पण माझी बोटं पुरती मिटेनात. कडीवर आधीच एक मूठ होती.

"दमलीस का गं?" बाबांनी मायेनं विचारलं.

"नाही, बाबा," उत्तर माझ्या कानाशी आलं. मी अजून तोंडही उघडलं नव्हतं.

आम्ही चालत राहिलो. घर येईपर्यंत पेटीचं वजन माझ्या हातात आलंच नाही.