लवता कान

परतवाड्यात आता टाइप करणारं कोणी उरलं नव्हतं. कळफलक बघायचा झाला तर शाळेच्या कपाटात, जुन्या तराजूशेजारी. अर्ज असो, निकाल असो की रुसलेल्या बायकोला पाठवलेली चिठ्ठी असो, लोक बोलायचे आणि मनगटावरच्या छोट्या पाटीवर अक्षरं उमटायची. बोललेलं ऐकून लिहून काढणाऱ्या या प्रणालीला गावानं सुटसुटीत नाव दिलं होतं, 'कान'. नव्या सुनेलाही शेजारणी विचारायच्या, "माहेरी कोणता कान होता गं तुमच्याकडे?"

डहाकेबाईंवर कान निवडायची वेळ सत्तराव्या वर्षी आली. त्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झाल्या, तेव्हापासून मुलांसाठी पाण्यावरचं एक पुस्तक त्यांच्या डोक्यात होतं. ते कागदावर उतरायच्या आतच कंपवातानं हात धरला. पेन हाती घेतलं की ओळ नदीसारखी वळणं घ्यायची. मग त्यांची जुनी विद्यार्थिनी शाहीन देशमुख दोन कान घेऊन घरी आली. शाहीन ध्वनिशास्त्रज्ञ होती. माणसाचा आवाज यंत्राला कसा कळतो, हाच तिचा अभ्यास.

"बाई, हा ताठ कान. लाखो माणसं ऐकून एकदाच शिकला. याचं माप ठरलेलं. तुम्ही स्पष्ट बोललात तर लिहील, नाहीतर जागा कोरी सोडील."

"म्हणजे तपासणीला आलेले साहेब."

"अगदी! आणि हा लवता कान. हा रोज तुमच्याकडूनच शिकतो. आज तुमचं बोलणं कालच्यापेक्षा तसूभर बदललं, तर हाही तसूभर लवतो. नवी चप्पल आधी लागते, मग पायाचाच आकार घेते ना, तसं."

"मग ती दुसऱ्याच्या पायात बसत नाही."

"दुसऱ्याला द्यायची कशाला, बाई?" शाहीन हसली.

बाईंनी आधी ताठ कान लावून पाहिला. पहिल्याच परिच्छेदात त्यानं तीन जागा कोऱ्या सोडल्या. बाईंना ते लागलं. जन्मभर स्पष्ट उच्चारांसाठी नावाजलेली बाई ती! त्यांनी लवता कान घेतला.

अडीच वर्षांत पुस्तक झालं. थेंबाचा प्रवास, विहिरीला पाणी कुठून येतं, दव का पडतं, असं सगळं त्यांनी आरामखुर्चीत बसून सांगितलं आणि कानानं एक शब्द न गाळता लिहिलं. दिवसाचं काम संपलं की त्या पाटीला थोपटून म्हणायच्या, "आभारी आहे हो." पुढे त्यांचे फोन, दूधवाल्याचे निरोपही त्यातूनच लिहून जाऊ लागले. घरी येणारे-जाणारे आपापल्या मनगटाकडे बघत बोलायचे. हल्लीची रीतच ती, म्हणून बाई सोडून द्यायच्या.

पुस्तक छापून आल्यावर त्यांच्या जुन्या शाळेनं बोलावलं. पाचवीच्या वर्गात बाई पहिलं प्रकरण वाचून दाखवणार होत्या. त्यांनी एकच अट घातली होती, पाट्या दप्तरात. मुलांनी तोंडाकडे बघून ऐकावं.

बाईंनी पहिलं पान वाचलं. वर्ग चिडीचूप. त्यांना भरून आलं. पान संपल्यावर त्यांनी सवयीनं विचारलं, "समजलं का?"

"होऽऽ बाई!" सगळा वर्ग एका सुरात.

हा 'होऽऽ बाई' त्या पुरता ओळखून होत्या. प्रश्नाच्या नुसत्या चालीवरून मुलं तो देतात, शब्द कळायची गरज नसते. त्यांनी पहिल्या बाकावरच्या मुलीकडे बोट केलं. तिचं नाव रिमा कास्देकर. ती उभी राहिली, वर्गशिक्षकांकडे पाहिलं, पुन्हा बाईंकडे पाहिलं.

"बाई, रागावसान तर नाही ना?"

बाईंनी 'नाही' अशी मान हलवली.

"काहीच नाही समजलं. तुमी कोनत्या भाषेत वाचून राह्यल्या?"

"रिमा, खाली बस!" वर्गशिक्षक ओरडले. त्यांनी घाईनं पाट्या काढायला सांगितल्या. बाईंच्या कानानं लिहिलेली वाक्यं पाट्यांवर उमटू लागली आणि वर्ग लगेच खुलला. प्रश्नांचा पाऊस पडला. बाई उत्तरं देत होत्या. तीस डोकी खाली, मनगटांवर वाकलेली होती.

संध्याकाळी शाहीन आली.

"खरं सांग," बाई म्हणाल्या. "माझं बोलणं माणसांना किती कळतं?"

शाहीननं मनगटावर नजर टाकली, मग दचकून हात मागे घेतला. "शंभरातले अकरा शब्द. कानाला अठ्ठ्याण्णव."

"मला कसं कळलं नाही?"

"कंपवातात आपला आवाज आपल्याला ठीकच वाटतो, बाई. लोकांनी 'काय? काय?' केलं की माणूस जोर लावतो. कान कधी 'काय?' म्हणाला नाही. तुमचा आवाज रोज थोडा खचत गेला आणि तो रोज थोडा लवत गेला. चूक माझी. मीही तुम्हाला ऐकणं सोडून वाचत होते."

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसून म्हणाल्या, "त्याला बोल लावू नकोस. तो नसता तर पुस्तक नसतं. आता ताठ कान लावला तर?"

"रोज दोन तास खणखणीत बोलायचा सराव. कदाचित माणसांना शंभरातले चाळीस कळतील. पण तोवर लवता कान बंद ठेवावा लागेल, नाहीतर जीभ पुन्हा सैलावेल. आणि वाऱ्यावरचं दुसरं पुस्तक..."

"राहील," बाई म्हणाल्या. या वेळी शाहीननं पाटीकडे पाहिलं नाही; तिला ते कळायला बाईंना तीनदा म्हणावं लागलं.

दुसऱ्या दिवसापासून रिमा शाळा सुटल्यावर ओसरीवर येऊन बसू लागली. बाईंनीच बोलावलं होतं. "खोटं 'हो' म्हणत नाही, अशी पोर हवी मला," असं त्यांनी वर्गशिक्षकांना लिहून कळवलं. लवत्या कानाकडून लिहून घेतलेलं ते शेवटचं वाक्य.

पहिल्या दिवशी बाईंनी गवतावरच्या दवाबद्दलचं एक वाक्य म्हटलं. ताठ कानानं अख्खी ओळ कोरी सोडली. पुन्हा म्हटलं. पुन्हा कोरी. कपाळावर घाम आला. चौथ्यांदा त्या जवळजवळ ओरडल्या. पाटी कोरीच.

रिमा मात्र पाटीकडे बघतच नव्हती. हनुवटी गुडघ्यावर टेकून ती बाईंच्या ओठांकडे टक लावून पाहत होती.

"गवत," ती म्हणाली. "बाई, गवताचं काहीतरी सांगून राह्यल्या तुमी. बाकी नाही समजलं."

बाईंनी तिच्या डोक्यावर थरथरता हात ठेवला आणि तेच वाक्य पाचव्यांदा म्हणायला श्वास घेतला.