लाकूड, शिंग, पितळ

रोपवाटिकेच्या मालकीणबाईंची अट एकच होती: घडीचा चाकू स्वतःचा हवा. एकाचा चाकू दुसऱ्याने वापरला की एका झाडाचा रोग दुसऱ्याला लागतो, हे तिला सांगायची गरज नव्हती. लग्नाच्या आधीपासून पाच वर्षं तिने तिथंच कलमं बांधली होती, आणि तिच्या हातची शंभरातली नव्वद तरी जगायची. मग ठमी झाली आणि तो हात घरात अडकला. आता ठमी अडीच वर्षांची होती, रोपवाटिकेत एक जागा रिकामी होत होती, आणि मालकीणबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "एक तारखेला ये. नाही आलीस तर मी दुसरी बघते. मला थांबता येणार नाही गं."

तिचा जुना चाकू तिने माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला होता. तो सासूबाईंनी भंगारात दिला होता.

"गंजला होता," सासूबाई म्हणाल्या. "मला वाटलं कुणाचाच नाही."

चाकूवाल्याचं दुकान कुलपांच्या गल्लीत होतं, दोन माणसं समोरासमोर उभी राहिली तर तिसऱ्याने बाहेर थांबावं एवढंच. सहाणेचं चाक, तेलाचा वास, भिंतीवर लहानमोठ्या कानशी. म्हाताऱ्याने चष्म्याची एक काडी दोऱ्याने बांधली होती. तिने घडीचा चाकू मागितला तर त्याने हिरव्या फडक्यावर नुसत्या तीन मुठी मांडल्या. लाकडाची, शिंगाची, पितळेची.

"पाती कुठं आहेत, काका?"

"पातं शेवटी. आधी मूठ ठरू द्या."

"माझी आधीची प्लॅस्टिकची होती."

"तसले आहेत की, त्या बरणीत. घाई असते त्यांना देतो." त्याने बरणीकडे बघितलंही नाही. "ताई, ही आठ दिवस हातात ठेवा. उठता बसता. मग आणा. लाकूड घाम पितं, शिंगाला झळाळी येते, पितळ काळवंडतं. कुठं काय झालं ते बघून मी कानस मारतो आणि मग पातं बसवतो. माणूस आपल्या हाताबद्दल थापा मारतं. मूठ नाही मारत."

महिना संपायला चार आठवडे होते. तिने हिशेब केला आणि लाकडाची मूठ उचलली. नुसती रंध्याखालून आलेली, फिकट, तेलपाणी न केलेली.

आठ दिवस ती मूठ तिच्या हातून सुटली नाही. ठमीला झोका देताना, फोनवर बोलताना, दुधावर लक्ष ठेवत उभी असताना. दूध उतू जायच्या आधी गॅस बंद करणं, ठमीचं बोट दारात सापडायच्या आधी दार धरणं, खाली पडलेलं बटण तिच्या तोंडात जायच्या आधी उचलणं: दिवसभर तिचं काम हेच, काहीतरी घडायच्या आधी तिथं पोचायचं. आणि घडलंच नाही तर दाखवणार काय?

"ऑफिसात सांगू का," नवरा म्हणाला, "बायको घरात हत्यार घेऊन हिंडते म्हणून?"

"मूठ आहे नुसती. पातं नाही."

"मग ठीक आहे. निम्माच घाबरतो."

आठव्या दिवशी चाकूवाल्याने ती मूठ दारातल्या उजेडात धरली, फिरवली, चष्मा वर सरकवून पुन्हा बघितली.

"फडताळात ठेवली होतीत?"

"नाही हो. सतत हातात होती."

"मी तासून दिली तशीच कोरी आहे, ताई." मग तो थांबला. "नाही, एक खूण आहे. इथं अंगठा, इथं बोट. पण हा हात म्हातारा आहे. आणि त्याने ही धरलेली नाही. चिमटीत उचलून बाजूला ठेवली आहे."

तिला आठवलं. जेवणाच्या टेबलावर ती क्षणभर मूठ ठेवून ठमीला पुसायला उठली होती, आणि सासूबाईंनी ताट मांडायला जागा केली होती.

"तुमच्या हाताला घाम येत नसेल," चाकूवाला म्हणाला. "असतात कोरडे हात. शिंग न्या."

हे कारण तिला पटलं. कारण पटलं की तिला बरं वाटायचं. विज्ञानाची पदवी होती तिच्याकडे, कपाटात, ठमीच्या लसींच्या कार्डाखाली. घरी येऊन तिने हातांना मलम लावलं आणि शिंगाची मूठ मलमासकट घट्ट धरली.

त्याच आठवड्यात फोनने तिचा अंगठा ओळखणं बंद केलं. तिने दोनदा पुसून लावला, पाच वेळा लावला.

"भांडी घासून घासून रेषा गेल्या असतील," नवरा म्हणाला, आणि तिच्या फोनवर आपला अंगठा नोंदवून दिला. "आता लागेल तेव्हा मला हाक मार."

हेही पटण्यासारखंच होतं. पण दुसऱ्या दिवशी तिने ठमीला आंघोळ घातली, पालथी झोपवून पाठीवर पावडर टाकली आणि रोजच्यासारखी तळव्याने चोळली. मग टॉवेल घ्यायला वळली आणि परत बघितलं. पावडर पडली होती तशीच होती, डब्याच्या भोकांतून पडलेल्या बारीक ढिगाऱ्यांत. तिने तळवा पाठीवर ठेवला. दाबला. खालची ऊब तिला कळत होती, श्वास वरखाली होताना कळत होता. हात उचलला. एकही ढिगारा मोडला नव्हता.

ठमी मान वळवून तिच्याकडे बघत होती.

"आई, पावडर लाव ना."

तिने फडक्याने पुसून घेतलं आणि कपडे चढवले. घरात हे कुणाला सांगायचं आणि कोणत्या शब्दांत, हे तिला सुचेना. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो हसला असता. सासूबाईंना सांगितलं असतं तर त्या हसल्या नसत्या, आणि ते जास्त वाईट होतं.

शिंगाची मूठ परत करायला गेली तेव्हा ठमीला बरोबर नेलं. चाकूवाला मूठ बघत राहिला. कानशीचे बारीक ओरखडे जसेच्या तसे होते, त्यांत अडकलेली पांढरी भुकटीसुद्धा.

"मलम लावून धरली होती," ती म्हणाली. "विचारा हिच्या बापाला."

"मी कुठं खोटं म्हणतोय?"

ठमीने हात लांब केला म्हणून त्याने मूठ तिला दिली. एक मिनिटभर ठमीने ती धरली, हलवली, चाटायला गेली तेव्हा त्याने काढून घेतली. शिंगावर चार चिमुकल्या चकचकीत टिकल्या उमटल्या होत्या. चाकूवाल्याने त्या आईला दाखवल्या नाहीत. त्याने मूठ फडक्याखाली सरकवली. पण आईने बघितलं होतं. बघणं तिला चुकत नसे.

"पितळ न्या," तो म्हणाला. आवाज खाली आला होता. "चाळीस वर्षांत पितळेने कुणाला सोडलेलं नाही."

ते दिवस तिने हट्टाने काढले. मूठ उजव्या हातात, डावा वर, रात्री उशीखाली. ओल्या हाताने धरली, मिठाच्या हाताने धरली. एक तारीख जवळ येत होती आणि घरात बोलणं आता त्याच वळणावर यायचं.

"जा की कामाला," सासूबाई भाजी निवडत म्हणाल्या. "मी कुठं अडवलंय? ठमीचं सगळं होतंच आहे. हे घर आपोआप चालतं."

"आपोआप नाही चालत, आई."

"मग कोण चालवतं?" त्यांनी खरंच विचारलं. टोमणा असता तर तिला उत्तर देता आलं असतं. त्यांच्या डोळ्यांत टोमणा नव्हता. त्या उत्तराची वाट बघत होत्या, आणि थोड्या वेळाने पुन्हा भाजी निवडू लागल्या.

नवरा त्या संध्याकाळी घरात आला, चपला काढल्या आणि ती समोर उभी असताना आत हाक मारली, "घरी कुणी आहे का?" मग दचकला. "अगं, तू इथंच आहेस होय. दिसलीच नाहीस." चहा बरा झाला होता, तो म्हणाला. कुणी केला ते विचारलं नाही.

महिन्याच्या शेवटच्या दिवशी ती ठमीला घेऊन गल्लीत गेली. पितळेची मूठ तिने रुमालात आणली होती. चाकूवाल्याने रुमाल सोडला. मूठ दिली होती त्याहून लखलखीत होती. त्याच्या बोटांचा काळपटपणा, जो देताना टोकाला होता, तोही गेला होता.

"बसवा पातं," ती म्हणाली. "उद्या मला कामावर हजर व्हायचंय. बसेल तसं बसू दे."

"ताई, मूठ पक्की धरली नाही तर पातं उलटं वळतं."

"पक्की धरते मी."

त्याने दिव्याच्या काचेवरची काजळी तेलात कालवली. पुठ्ठ्यावर पांढरा कागद ठेवला. बोटांची मापं घ्यायची अशीही एक रीत आहे, तो म्हणाला, पण तिच्याकडे न बघता. ब्रशने तिचा उजवा तळवा काळा केला, मनगटापर्यंत. ब्रश गार होता, गुदगुल्या झाल्या. तळवा पूर्ण माखला.

"दाबा."

तिने दाबला. कागद सुरकुतला नाही.

"अजून."

तिने डावा हात उजव्यावर ठेवला आणि सगळं वजन टाकलं.

हात उचलला.

कागद पांढरा होता.

तिचा तळवा काळाच होता, ओला, रेषा न् रेषा भरलेली.

सहाणेचं चाक अजून हळूहळू फिरत होतं. ते थांबेपर्यंत दोघंही तिकडेच बघत राहिले. मग चाकूवाल्याने कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली, कुणाचं काही राहून गेलं असेल तर ठेवावं तशी.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"मला काय माहीत?" ती म्हणाली. "कुणी सांगितलंच नाही."

त्याने बरणी खाली घेतली. आतून एक तयार चाकू काढला, लाल प्लॅस्टिकच्या मुठीचा, पात्यासकट. उघडून बघितला, मिटला, तिच्यासमोर ठेवला. हातात दिला नाही.

"हे घ्या. प्लॅस्टिकला कुणाचंच काही लागत नाही. त्यामुळे ते काही विचारत नाही."

"कलमं जगतील?"

म्हाताऱ्याने ठमीकडे बघितलं. "काप देऊन बघा," तो म्हणाला.

तिने चाकू पर्समध्ये टाकला. काही झालं तरी उद्या सकाळी ती रोपवाटिकेत असणार होती, आपल्या चाकूसह, ठरल्याप्रमाणे. मालकीणबाईंना मुठीशी काय करायचं होतं? काजळी पुसायला त्याने चिंधी दिली. चिंधी स्वच्छ राहिली. तिने ती परत दिली आणि ठमीला घेऊन बाहेर पडली.

दुपारची वेळ होती. मोठ्या रस्त्यावर गाड्या सरळ येत होत्या, एकीमागून एक. ती पदपथाच्या कडेला थांबली, आणि काळ्या तळव्याने ठमीचा पंजा धरला. घट्ट. बोटांत बोटं अडकवून, ठमीला दुखेल इतका.

ठमीला दुखलं नाही. तिचा पंजा गुलाबी आणि कोरा होता.

गाड्यांमध्ये थोडी जागा झाली. "चल," ती म्हणाली.

ठमी हलली नाही. तिने मान वर करून आईकडे, आईच्या थोडं बाजूला, बघितलं.

"आई, हात धर ना."

तिने आणखी आवळला. ठमी शहाण्या मुलीसारखी कडेलाच उभी राहिली, आईच्या मुठीतला हात वर करून, कुणीतरी तो धरायची वाट बघत.