डॉड कोवीची जागा

माझ्या बाकीच्या गोष्टी अर्ध्या करून ऐकल्यात तरी तक्रार नाही. ही मात्र पुरती खरी. माझ्या एफी आत्याच्या जिवावर बेतलेली. आणि रात्री-बित्री नाही... भर दुपारी.

१९४३ चा नोव्हेंबर. स्कॉटलंडात, मोरे फर्थ या खाडीच्या काठी, आमच्या गावाबाहेर नौदलाची एक शिकाऊ तुकडी होती. विमानात मागे बसून बिनतारी यंत्र आणि बंदूक सांभाळणारी पोरं तिथे तयार व्हायची.

एफी कोळ्याची लेक. तिथे बिनतारी यंत्रं दुरुस्त करायची, आणि दुरुस्त केलं की स्वतः वर जाऊन तपासायची.

मागची जागा उघडी. माणूस बाहेर फेकला जाऊ नये म्हणून कमरेचा पट्टा आकड्याने तळाच्या कडीत अडकवायचा. पोरं त्याला 'माकडाचं शेपूट' म्हणायची.

त्या दुपारी एफीच्या वाट्याला आलेलं शेपूट डॉड कोवीचं होतं.

आमच्याच गल्लीतला डॉड. त्याचं विमान खाडीत पडलं, आकडा सुटला नाही, पोरगं जागच्या जागी बुडालं. पट्टा तेवढा धुतला, वाळवला आणि दुसऱ्या विमानात लावला. लढाईच्या दिवसांत काही फेकत नसत.

"बुडालेल्याची वस्तू दर्याला परत करतात, सर," एफी म्हणाली.

"मग तुला काय सुतळीने बांधू?" वैमानिक हॅविल हसला. आतल्या मुलखातला इंग्रज तो. "बस मुकाट्याने."

तिने आकडा लावला.

खट्.

बोलायला दोघांत एक रबरी नळी. मधली जागा रिकामी.

खाडीवर आल्यावर हॅविलला चेष्टा सुचली. आमच्याकडे पाण्यावर डुकराचं नाव काढत नाहीत. निघालंच, तर लगेच 'थंड लोखंड' म्हणून लोखंडाला हात लावायचा.

"एफी, आज जेवायला डुक्कर होतं बरं का! डुक्कर!"

"थंड लोखंड!" तिने सांगाड्याला हात लावला... पण हातात जाड मोजे होते.

"कळलं गं बाई. दोनदा कशाला ओरडतेस?"

ती एकदाच म्हणाली होती...

इंजिन खोकलं. मग गप्प झालं. नुसता वारा.

विमान पाण्यावर आपटलं. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. आकडा निघेना, बक्कलही निघेना.

"अगं, सोड ना तो!" हॅविल पंखावरून ओरडत होता.

"सुटत नाहीये, सर!"

पाणी हनुवटीला. मग डोक्यावरून...

आणि तेव्हा कानाशी लावलेल्या नळीतून आवाज आला. हॅविलने आपलं टोक तर केव्हाच फेकलं होतं.

"सरक गं बाय जरा. माझी जागा आहे ती."

तिच्या मांडीवर कुणीतरी बसलं. गार. जड.

पट्टा करकचून आवळला... छाती फुटायला आली... आणि ती वर होती. पंखावर. हॅविलने तिचं मनगट धरलेलं.

ओहोटीला विमान उघडं पडलं. सगळे बघायला गेले.

आकडा कडीत लागलेला. पट्ट्याचं बक्कलही लागलेलं. मग ही बया निघाली कुठून?

पण कुणी ते विचारत नव्हतं. पट्टा खाली पडला नव्हता. हवेत गोल उभा होता, ताठ... कुणाच्या तरी कमरेभोवती असावा तसा.

"कापा तो!" एफी किंचाळली. "त्याला बाहेर काढा!"

"कुणाला?" हॅविलने विचारलं. या वेळी तो हसत नव्हता.

सुरी कुणीच लावली नाही. भरती आली. नाताळाच्या आत तुकडीही मोडली, आणि विमान तिथेच राहिलं.

आत्या म्हातारी होऊन गेली. शेवटपर्यंत एकच म्हणायची, "मी सुटले रे. तो माझ्यापायी पुन्हा अडकला."

मोठ्या ओहोटीला तो सांगाडा अजून दिसतो. धारदार सुरी घेऊन मी कितीदा तरी निघतो. पाणी घोट्याला लागेपर्यंत काही होत नाही.

पुढे गेलं, की कमरेभोवती काहीतरी आवळायला लागतं...

मी मागे फिरतो.